शिक्रापूरचा ‘पाव’ : डिझेल मोटारीच्या इंधनकाट्याच्या साक्षीची चिकित्सा

पुणे-अहमदनगर रस्त्यावर सणसवाडी मागे टाकून शिक्रापूर गाठण्यापूर्वी आमची मोटार बंद पडली, तेव्हा तिच्या इंधनकाट्यानुसार टाकीत पाव हिस्सा डिझेल शिल्लक होते. ही २०११ च्या डिसेंबरातील गोष्ट. शिरूर तालुक्यातील वीरगळांच्या पाहणीसाठी आम्ही तिघे निघालो होतो. मोटार जुनी, डिझेलवर चालणारी आणि एका संस्थेच्या मालकीची होती. त्या संस्थेचे नाव येथे अप्रस्तुत आहे. वीरगळांविषयी स्वतंत्रपणे लिहावयाचे आहेच. परंतु त्या दिवशी एका काट्याच्या साक्षीवरून एका माणसावर जो आरोप आला, त्याची हकीगत आणि त्या काट्याचा पूर्वेतिहास यांचा विचार या पत्रिकेच्या वाचकांपुढे ठेवावा, असे बरेच दिवस मनात होते. साधनचिकित्सेचे जे नियम आपण कागदपत्रांस लावतो, ते रस्त्याकडेच्या कारागिरानेही आपल्या परीने शोधून काढलेले असतात, एवढाच या लेखाचा अधिकार.

आरोप असा होता. मोटारीच्या नोंदवहीत चालकाने रोज संध्याकाळी काट्याची स्थिती लिहावयाची, असा त्या संस्थेचा नियम होता. आदल्या संध्याकाळची नोंद ‘पाव’ अशी होती. टाकी चाळीस लिटरांची. तेव्हा पाव म्हणजे दहा लिटर. पुण्याहून शिक्रापूर सुमारे चाळीस किलोमीटर, आणि गाडी लिटरामागे चौदा किलोमीटर जात असे. म्हणजे खर्च झाले जेमतेम तीन लिटर. उरलेले सात कोठे गेले? हिशेबनिसाने हा त्रैराशिकाचा प्रश्न कागदावर मांडला आणि उत्तराच्या जागी चालकाचे नाव लिहिले. सात लिटर डिझेलाची किंमत ती काय, परंतु एकवीस वर्षे नोकरी केलेल्या माणसाच्या सेवापुस्तकात ‘अपहार’ हा शब्द जाणार होता.

या आरोपाचा सारा भार एका गृहीतावर होता : काटा टाकीतील डिझेल मोजतो. वस्तुतः तो डिझेल मोजीत नाही. टाकीत एक पोकळ तरंगता गोळा असतो, त्यास एक दांडी असते, दांडीच्या दुसऱ्या टोकास विद्युत्-रोधकावरून सरकणारा स्पर्श असतो. गोळा वरखाली झाला की रोध बदलतो, रोध बदलला की तारेतील प्रवाह बदलतो, आणि चालकासमोरील काटा त्या प्रवाहाप्रमाणे हलतो. (टाकीतील या साऱ्या सरंजामास कारागीर नुसते ‘फ्लोट’ म्हणतात, पुढे मीही तोच शब्द वापरतो.) डिझेलाचे आकारमान आणि काट्याचे स्थान यांच्यामध्ये टाकीचा आकार, गोळ्याची उंची, दांडीचा कोन, रोध, तार, गाडीच्या सांगाड्यातून परत जाणारा प्रवाह आणि शेवटी खुद्द काट्याचे यंत्र असे अनेक मध्यस्थ उभे आहेत. प्रत्येकजण मागच्याने सांगितलेले पुढच्यास सांगतो. बखरीतील मजकूर ज्या वाटेने आपल्यापर्यंत येतो, तीच ही वाट होय.

या मध्यस्थांची संख्या हळूहळू वाढली. सर्वांत जुने साधन म्हणजे बुडविण्याची काठी. खोलीवरून आकारमान काढण्याचा प्रश्न आपल्याकडे भास्कराचार्यांनी ‘लीलावती’तील खातव्यवहारात हाताळलेला आहे, खड्ड्याची लांबी, रुंदी वा खोली ठिकठिकाणी निराळी असेल तर ती अनेक ठिकाणी मोजून सरासरी घ्यावी, असा तेथील विचार आहे. हे ‘अनेक ठिकाणी’ वाचकांनी लक्षात ठेवावे. पुढे त्याचे काम पडेल. युरोपात केप्लर या ज्योतिर्विदाने १६१३ साली स्वतःच्या लग्नासाठी द्राक्षासवाची पिंपे घेतली. विक्रेत्याने पिंपात तिरपी काठी घालून तिच्या ओल्या भागावरून किंमत ठरविली, ते त्यास खटकले, आणि त्यातून पिंपांच्या आकारमानावरील त्याचा १६१५ चा ग्रंथ निर्माण झाला. काठी खरे बोलते, पण भांड्याचा आकार ठाऊक नसेल तर तिचे खरे बोलणे कामाचे नाही, हा मुद्दा तेव्हाच स्पष्ट झालेला होता.

मोटारीच्या आरंभकाळात हीच काठी चालली. फोर्ड कंपनीच्या १९०८ ते १९२७ या काळातील ‘टी’ गाडीची टाकी पुढच्या आसनाखाली असे. उतारूंनी उठावयाचे, गादी उचलावयाची आणि टाकीत पट्टी बुडवावयाची. तिच्यानंतरच्या ‘ए’ गाडीत टाकी चालकाच्या समोरच आणली गेली व तरंगकाने फिरणारा दर्शक थेट तिच्यावरच बसविला. तेथे मध्ये तार नाही, वीज नाही. टाकी गाडीच्या मागील बाजूस गेली तेव्हा मात्र बातमी दूरवर पोहोचविण्याची गरज उत्पन्न झाली आणि विजेचा काटा आला. तो सर्वांनी एकदम स्वीकारला असेही नाही. जर्मनीच्या फोक्सवॅगन गाडीला १९६१ पर्यंत इंधनकाटा नव्हता. एंजिन आचके देऊ लागले की चालकाने पायाने राखीव तोटी फिरवावयाची. आपल्याकडे ज्यांनी बजाजची स्कूटर वापरली आहे त्यांस हा अनुभव नवा नाही. तोटी ‘रिझर्व्ह’वर करावयाची, आणि तेही संपले की स्कूटर एका अंगावर कलंडवून उरलेल्या थेंबांवर पेट्रोलपंप गाठावयाचा, ही विद्या पुणेकरांच्या दोन पिढ्यांनी आत्मसात केली होती. त्या व्यवस्थेत एक गुण होता. ती आकडा सांगत नसे, त्यामुळे आकडा खोटाही सांगत नसे.

विजेचे काटे मुख्यतः दोन कुळांतले. एकात परस्परांशी कोन करून ठेवलेली दोन वेटोळी काट्यास आपापल्याकडे ओढतात. दोहोंच्या ओढीचे गुणोत्तर महत्त्वाचे असल्याने बॅटरीचा दाब थोडा कमीजास्त झाला तरी वाचन फारसे बदलत नाही. दुसऱ्यात दोन धातूंची जोडपट्टी प्रवाहाने तापून वाकते व काटा ढकलते. हा काटा सावकाश चालतो, त्यामुळे खड्ड्यांतून जाताना नाचत नाही. परंतु दाब बदलला तर त्याचे सांगणेही बदलते, म्हणून त्याच्या आधी दाब स्थिर ठेवणारे एक लहानसे साधन बसवावे लागते. हे साधन बिघडले म्हणजे काय होते, हे आपल्या दृष्टीने मनोरंजक आहे. त्याच साधनावर पाण्याच्या उष्णतेचा काटाही चालत असल्यामुळे दोन्ही काटे एकाच वेळी, एकाच दिशेने चुकतात. जाणता कारागीर म्हणूनच इंधनकाट्याची तक्रार ऐकल्याबरोबर शेजारच्या काट्याकडे पाहतो. दोन पोथ्यांत एकच चूक आढळली तर त्या एकाच आदर्शावरून उतरल्या असाव्यात, हे पाठचिकित्सेचे तत्त्व. भांडारकर संस्थेत १९१९ ते १९६६ या काळात महाभारताची चिकित्सित आवृत्ती सिद्ध झाली, तीत ज्या विचारसरणीने हस्तलिखितांची कुळे लावली गेली, तीच येथे दोन काट्यांच्या तबकडीत पाहावयास मिळते.

चुकीची दिशाही बोलकी असते. काही गाड्यांत टाकी भरलेली असताना रोध कमी व रिकामी असताना जास्त असतो. काहींत नेमके उलट. सांगाड्याशी असलेला जोड गंजला की रोधात भर पडते. पहिल्या जातीच्या गाडीत त्यामुळे काटा खरे असेल त्याहून कमी दाखवील, दुसऱ्या जातीत जास्त. या जोडास कारागीर ‘अर्थ’ म्हणतात, आणि ‘गाडीला अर्थ नीट मिळत नाही’ हे वाक्य एखाद्या समीक्षकास हेवा वाटावा अशा सहजतेने उच्चारतात. अलीकडच्या गाड्यांत रोधाचे वाचन प्रथम संगणकाकडे जाते, तो क्षणाक्षणांच्या वाचनांची सरासरी काढतो आणि मग काटा हलवितो. तेव्हा आणखी एक संपादक मध्ये आला, एवढेच.

आता डिझेलाविषयी. पेट्रोलची गाडी कोरडी पडली तर पेट्रोल ओतून बहुधा पुढे जाता येते. डिझेलचे एंजिन ठिणगीवर चालत नाही. दाबलेल्या हवेच्या उष्णतेत अतिशय उच्च दाबाने डिझेल फवारले जाते. टाकी संपली की नळ्यांत हवा शिरते, हवा दाबली जाते, आणि फवारा येत नाही. जुन्या गाड्यांत गाळणीवरील हातपंप दाबून ही हवा काढावी लागते. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून प्रचारात आलेल्या सामाईक-नळीच्या म्हणजे ‘कॉमन रेल’ एंजिनांत तर उच्चदाबाच्या पंपास वंगणही डिझेलचेच मिळते. तेथे कोरडे पडणे पंपाच्या जिवावर बेतू शकते. म्हणजे काट्याच्या खोट्या साक्षीची किंमत डिझेल गाडीत सर्वांत जास्त मोजावी लागते. दुसरेही एक आहे. डिझेलात पाणी मिसळले असेल तर ते तळाशी बसते, गोळा वर तरंगतच राहतो, आणि काट्यास त्यातले काही कळत नाही.

हा प्रश्न शिक्रापूरच्या परिसरास परका म्हणता येणार नाही. राज्य परिवहनाची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी याच पुणे-अहमदनगर रस्त्यावर धावली. ती लाकडी सांगाड्याची, काथ्याच्या गाद्यांची बेडफर्ड होती. पुढे राज्य परिवहन डिझेलवर आले आणि दर लिटरामागे किती किलोमीटर हा आगारांचा रोजचा विषय झाला. खासगी मोटारींत डिझेल उशिरा शिरले. जर्मनीत मर्सिडीझची ‘२६० डी’ ही डिझेल मोटार १९३६ सालीच बाजारात आली होती. आपल्याकडे अँबॅसडरला डिझेल एंजिन बसले ते १९८० च्या सुमारास. १९९८ साली टाटांनी पुण्यात घडविलेली इंडिका प्रदर्शनात मांडली आणि डिझेल मोटार मध्यमवर्गाच्या दारात आली. तिची पुढची आवृत्ती, २००८ ची इंडिका व्हिस्टा, शिक्रापूरच्या पुढे याच रस्त्यावरील रांजणगावच्या कारखान्यात तयार होत असे. १ एप्रिल २०२० पासून धुराचे नवे निर्बंध लागू झाले, आणि तिच्यातले १.३ लिटरचे डिझेल एंजिन बाजारातून गेले. (अहमदनगरचे नावही २०२४ साली अहिल्यानगर झाले, मी मात्र त्या प्रवासाच्या वेळचे नाव ठेवले आहे.)

असो. शिक्रापूरच्या मिस्त्रींकडे वळू. ते दुचाकीवरून पाच लिटरांचा डबा घेऊन आले. डिझेल ओतले, हातपंपाने हवा काढली, चार-पाच प्रयत्नांत एंजिन सुरू झाले. काटा होता तेथेच, पाववर. चालक म्हणाला, “मिस्त्री, पाच लिटर ओतून पण हा हलत नाही.” मिस्त्री म्हणाले, “नवीन असेल तर हलेल ना. आधी त्याचं जुनं काय ते ऐकू या.” गाडी त्यांच्या पत्र्याच्या शेडपर्यंत नेली. मागील आसन उचलून त्यांनी टाकीवरील झाकण उघडले आणि फ्लोटची तार सोडविली. काटा एकदम खाली, शून्यावर गेला. मग ती तार त्यांनी एका छोट्या दिव्यामार्फत सांगाड्यास टेकविली; काटा चढत चढत ‘पूर्ण’वर गेला. तार सरळ टेकवीत नाहीत, कारण काट्याचे नाजूक यंत्र जळू शकते. हे एवढे झाले आणि साक्षीच्या साखळीचे दोन तुकडे पडले : तारेपासून काट्यापर्यंतचे सारे मध्यस्थ निर्दोष, दोष असेल तर टाकीच्या बाजूस. अर्धे संशयित दोन मिनिटांत मोकळे करणारी याहून सोपी चौकशी मला ठाऊक नाही.

नंतर त्यांनी फ्लोटच्या बैठकीपासून बॅटरीपर्यंत एक वेगळी तार ओढून पाहिली. काही फरक पडला नाही. म्हणजे ‘अर्थ’ मिळत होता. फ्लोट बाहेर काढला, पुसला, तार जोडून दांडी हाताने वरखाली केली. काटा शून्यापासून पूर्णापर्यंत आणि परत, कोठेही न अडखळता फिरला. गोळा हलवून पाहिला. आत डिझेल शिरलेले नव्हते. फ्लोट पुन्हा टाकीत बसविला. काटा पाववर!

येथे मिस्त्रीही थोडे थांबले. प्रत्येक साक्षीदार एकेकटा खरा आणि सर्वांची मिळून साक्ष खोटी, अशी ही अवस्था होती. नवा फ्लोट घालून पाहू, असे एखादा म्हणाला असता. पुण्यातल्या एका दुकानाने नंतर दूरध्वनीवरून तोच सल्ला दिलाही. मिस्त्रींनी फ्लोट पुन्हा काढला आणि त्याच्या भोकातून एक स्वच्छ बांबूची काठी टाकीत उभी घातली. तळ लागला तेथे नखाने खूण केली. मग तीच काठी चार बोटे अलीकडे, चार बोटे पलीकडे घातली. गोळा जेथे विसावतो त्या बाजूस तळ तीन बोटे वर होता.

ते गाडीखाली शिरले. टाकी पत्र्याची होती. तिच्या पोटाला दगडाचा जुना मार बसून पत्रा आत गेला होता, चिखलाने भरून आला होता, त्यामुळे सहजी दिसत नव्हता. “काटा खोटं बोलत नाही, सर. फ्लोट पण नाही. तळच वर आलाय.” पाव टाकीइतक्या उंचीवर गोळा त्या उंचवट्यावर टेकत असे आणि तेथून पुढे डिझेल कितीही उतरले तरी तेथेच बसून राही. डिझेल ओढणारी नळी मात्र दुसऱ्या कोपऱ्यात, मूळच्या खोलीवर होती. ती शेवटच्या थेंबापर्यंत ओढत राही.

परत आल्यावर मी नोंदवही मागून घेतली. हिशेबनिसाने एकाच दिवसाची नोंद पाहिली होती. मी अडीच वर्षांच्या पाहिल्या. काट्याच्या नोंदी एका स्तंभात, पंपावरील पावत्या शेजारी डकवलेल्या. काटा ही बखर मानली तर पावती हा तत्कालीन अस्सल कागद होय, आणि दोहोंत विरोध असता कोणास मानावे हे राजवाड्यांच्या परंपरेत वाढलेल्यांस सांगावयास नको. त्या वर्षीच्या पावसाळ्यापूर्वी ‘पाव’ या नोंदीनंतर टाकी पूर्ण भरली की पावती नेहमी तीस लिटरांच्या आसपास येई. पावसाळ्यानंतर त्याच ‘पाव’पुढे कधी तीस, कधी तेहेतीस, कधी पस्तीस. एकाच शब्दाचा अर्थ इतका बदलत असेल तर शब्द वापरणारा लबाड आहे, किंवा शब्दाखालची वस्तू बदलली आहे. या पावत्या हिशेबनिसाच्याही नजरेस आल्या होत्या आणि त्याने त्यांचा अर्थ जादा बिले असा लावला होता, हे नंतर कळले.

परंतु निर्णायक पुरावा नोंदींत जे नव्हते त्यात मिळाला. पावसाळ्यापूर्वी अधूनमधून ‘पावाखाली’, दोन ठिकाणी ‘लाल’ अशा नोंदी होत्या. पावसाळ्यानंतर एकही नाही. मौनावरून काढलेला निष्कर्ष धोक्याचा असतो, हे आपण विद्यार्थ्यांस नेहमी बजावतो, आणि ते योग्यच आहे. येथे मात्र नोंद रोजची होती, लिहिणारा एकच होता, आणि खोटे लिहिण्यात त्याचा फायदा असता तर तो ‘पाव’ ऐवजी ‘लाल’ लिहिण्यात होता. डिझेल चोरणारा माणूस टाकीत ते शिल्लक असल्याची नोंद कशाला करील?

शिल्लक राहिला प्रश्न लिटरांचा. कोरड्या पडलेल्या टाकीत मिस्त्रींचे पाच लिटर गेले होते; त्याच दुपारी शिक्रापूरच्या पंपावर उरलेली भरून घेतली. डिझेलास फेस येतो व नळीचा घोडा त्यामुळे लवकर बंद पडतो, म्हणून फेस बसू देऊन दोनदा पुन्हा भरले. सगळे मिळून साडेछत्तीस लिटर मावले. चाळिसातले साडेतीन लिटर त्या उंचवट्याने व्यापले होते. म्हणजे काटा प्रथम पाववर येई तेव्हाही टाकीत दहा नव्हे, साडेसहाच लिटर असत, आणि त्यापुढे तो साडेसहापासून शून्यापर्यंत सर्व अवस्थांत ‘पाव’च सांगे. आदल्या संध्याकाळी टाकीत सुमारे तीन लिटर होते. ते शिक्रापूरच्या अलीकडे संपले.

मी हे सर्व दीड पानात लिहून, पावत्यांचा तक्ता जोडून संस्थेस दिले. चौकशी समितीने टाकी उतरवून पाहण्यास सांगितले. पुण्याच्या एका कारखान्यात ती कापली तेव्हा उंचवट्याच्या माथ्यावर, गोळा टेकत असे तेथे, नाण्याएवढा पत्रा घासून चकचकीत झालेला आढळला.

नवी टाकी जानेवारीत बसली. पहिल्याच भरणीची पावती चालकाने वहीत डकवली आहे; ती एकोणचाळीस लिटर आठशे मिलिलिटरांची आहे. त्याखाली त्याने काट्याची नोंद केली आहे : ‘पूर्ण’. आणि हिशेबनिसाच्या डिसेंबरातील शेऱ्यावर लाल शाईने मारलेली आडवी रेघ त्याच्या मागच्याच पानावर आहे.